तळघरातले पाणी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयापासून आंतरराष्ट्रीय राजकारणापर्यंत मोठमोठे विषय बोलले जातात. आम्ही मात्र आज आपणांस दहा फूट जमिनीखाली नेणार आहोत. पूर्वी वाड्याखाली तळघर असे. त्यात धान्य, भांडी, कधी दागदागिने ठेवीत. आज प्रत्येक नव्या इमारतीखाली ‘बेसमेंट’ असते. त्यात गाड्या, गोदाम, छापखाना, शिकवणी, आणि कोपऱ्यात खाट टाकून झोपलेला पहारेकरीही असतो. मृग लागला की ह्या तळघरात पाणी येते. ते का येते, कोठून येते आणि त्याचे काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही अभियंते नव्हेत. संघटनेचे काम करताना गवंडी, प्लंबर, गटारकामगार आणि हमाल ह्यांच्यात आमची वर्षे गेली. त्यांनी हाताने शिकवले आणि पुस्तकांनी त्यामागचे कारण सांगितले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या गावाची जमीन पाहू. कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. रंकाळा आणि कोटितीर्थ आपल्या डोळ्यांपुढे आहेत. पण जी तळी आपण बुजवली ती डोळ्यांआड गेली. आज ज्याला आपण गांधी मैदान म्हणतो ते वरुणतीर्थ होते. जेथे भाजी घेतो ती कपिलतीर्थ मंडई नावानेच आपली मूळ ओळख सांगते. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचे तळे होते. तळे बुजवले म्हणजे पाणी गेले, असे माणसाला वाटते. परंतु तळे तेथे झाले होते ते तो भाग खोलगट होता म्हणून, आणि आसपासच्या जमिनीतले पाणी तिकडे उतरत होते म्हणून. वरून भराव टाकल्याने तो उतार बदलत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या, त्यात नवल ते काय? पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर येत असते.

आता जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहू. वर काळी किंवा तांबूस माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली काळा कातळ, अशी आपल्याकडची सर्वसाधारण रचना. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मातीतून झिरपलेले पाणी मुरमात सहज शिरते. कातळापाशी येऊन अडते. खाली जाता येईना म्हणून ते कातळाच्या पाठीवरून आडवे, उताराकडे चालू लागते. फ्रान्समधील दिजाँ शहराला पाणी पुरवणारा अभियंता आंरी दार्सी ह्याने १८५६ साली वाळूतून पाणी किती वेगाने जाते त्याचा नियम मांडला. सोप्या भाषेत तो असा, की उतार जितका जास्त आणि माती जितकी सच्छिद्र, तितके पाणी अधिक. मुरमातून पाणी झपाट्याने जाते, चिकण काळ्या मातीतून अगदी सावकाश.

तळघर खणताना आपण काय करतो? मुरूम फोडतो, कित्येकदा कातळही फोडतो, आणि त्या खड्ड्यात भिंती उभ्या करतो. भिंत आणि खड्ड्याची कड ह्यांच्यामध्ये दोन-तीन फुटांची फट उरते. कंत्राटदार ती फट विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, उरलेली माती असे हाताला येईल ते टाकून भरतो. म्हणजे आपण कातळात एक हौद खणला, त्या हौदात घर ठेवले, आणि कडेने पाणी साचायला मोकळी जागा करून दिली. चोहोबाजूंचे पाणी त्या पोकळ भरावात उतरते आणि भिंतीला टेकून उभे राहते. तळघर कोरडे राहिले तरच आश्चर्य मानायचे.

ह्यात पंचगंगेचा भाग कोणता? राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ते ५५ फुटांच्या वर गेले. तेव्हा नदीपासून लांब असलेल्या, रस्त्यावर थेंबभर पूर नसलेल्या इमारतींचे लोकही तळघरात पाणी आले म्हणून सांगत होते. कारण असे, की एरवी गावाच्या जमिनीतले पाणी हळूहळू नदीकडे आणि जयंती नाल्याकडे उतरून जाते. नदीच फुगली की त्या पाण्याला पुढे जाता येत नाही. नदी आपल्या दाराशी येत नाही, पण आपल्या जमिनीतल्या पाण्याचे दार बंद करते. ते मग मागे तुंबते, विहिरी चढतात, आणि सर्वांत खोल जी पोकळी सापडेल तीत शिरते. ती पोकळी म्हणजे आपले तळघर.

दुखणे ओळखल्याशिवाय औषध देऊ नये. तळघरात दिसणारे पाणी चार ठिकाणांहून येऊ शकते, आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

पाऊस पडल्यावर तास-दोन तासांत पाणी आले आणि उघडीप होताच ओसरले, तर ते छपराचे व अंगणाचे पाणी समजावे. पाऊस नसतानाही, उन्हाळ्यातही, भिंतीचा एकच पट्टा ओला राहिला, तर नळाची किंवा ड्रेनेजची गळती शोधावी. घरातले सर्व नळ बंद करून मीटरचा काटा पाहावा. तो हलत असेल तर पाइप फुटलेला आहे. वरच्या मजल्यावरच्या संडासात रंग ओतावा. तो रंग खाली उमटला तर काय समजायचे ते सांगायला नको. तिसरी खूण जमिनीतल्या पाण्याची. हे उशिरा येते, आषाढात चढते, पाऊस थांबला तरी हटत नाही, कधी दिवाळीपर्यंत मुक्काम करते. ते फरशी आणि भिंत मिळते त्या सांध्यातून वर येते, आणि भिंतीला पांढरा लोणा लावून जाते. चौथे पाणी हवेतले. थंड भिंतीला दमट हवा लागली की घाम येतो. भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीकडच्या अंगाला असतील तर दोष हवेचा. भिंतीकडच्या अंगाला असतील तर पाणी भिंतीतून येत आहे. ही परीक्षा कोणत्याही गृहिणीला करता येईल.

जमिनीतल्या पाण्यासाठी सर्वांत खात्रीचे यंत्र म्हणजे शेजारची विहीर किंवा आड. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा आणि आपल्या तळघराच्या फरशीशी ती ताडून पाहा. विहिरीतले पाणी फरशीहून वर असेल तर आपण पाण्यात बसलो आहोत, हे निश्चित समजावे. आमच्या पेठांतील किती आड आपण बुजवले आणि वर झाकण घातले! त्यासोबत जमिनीच्या पोटातले वर्तमान सांगणारा शेजारीही आपण गमावला.

आता उपायाकडे येऊ. आणि प्रथम खोट्या उपायाकडे. भिंत ओली दिसली की माणूस आतून गिलावा करतो, वर पाणीरोधक रंगाचे दोन हात देतो. एका व्यापारी इमारतीच्या तळघरात आमचे हमाल बांधव घोटाभर पाण्यात उभे राहून पोती उचलत. पायांना चिखल्या, बोटांच्या बेचक्या सोललेल्या. मालकाने दोन वर्षांत दोनदा रंग दिला, आणि दोन्ही वेळा श्रावणात तो पापुद्र्यांनी सुटून पडला. मग आमच्यातल्याच एका गवंड्याने इमारतीला फेरी मारली. गच्चीचे दोन्ही पाइप पायाच्या बुडाशी, थेट त्या भरावात सोडलेले होते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३५० लिटर पाणी होते. एवढे पाणी रोज स्वतःच्या हाताने भिंतीशी ओतायचे आणि आतून रंग द्यायचा, ह्याला काय म्हणावे? पाइप लांब गटारापर्यंत नेले, तेव्हा निम्म्याहून अधिक पाणी थांबले. त्याला खर्च आला तो पाइपांचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा.

आतला रंग का टिकत नाही, त्याचे कारण पाण्याच्या वजनात आहे. एक घनमीटर पाणी हजार किलो भरते. भिंतीबाहेर दोन मीटर पाणी उभे असेल तर भिंतीच्या बुडाशी दर चौरस मीटरला दोन हजार किलोंचा रेटा बसतो. बाहेरून लावलेला थर ह्या रेट्याने भिंतीला अधिक चिकटतो. आतून लावलेला थर त्याच रेट्याने ढकलून काढला जातो. म्हणून पाणीरोधक लेप द्यायचा तो बांधतानाच आणि बाहेरच्या अंगाने. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही तळघराच्या भिंती व जमीन पाणी न झिरपणारी असावी आणि वरचे पाणी तळघरात शिरू नये अशी व्यवस्था असावी, असे सांगितलेले आहे. जे घर बांधणार असतील त्यांनी हे आजच ऐकून ठेवावे. भराव पडल्यावर पुन्हा बाहेरून हात पोचत नाही.

परंतु केवळ अडवून भागत नाही. आंबा घाटाने किंवा गगनबावड्याच्या वाटेने कोकणात उतरताना रस्त्याकडेच्या दगडी भिंतींना ओळीने भोके ठेवलेली आपण पाहिली असतील. पावसाळ्यात त्यांतून धारा लागतात. ती भोके नसती तर मागचे पाणी तुंबून भिंत दरीत गेली असती. पाण्याशी ताकदीने लढणारी भिंत पडते. पाण्याला वाट देणारी भिंत उभी राहते.

तळघराला अशी वाट कशी द्यायची? क्रम लक्षात ठेवावा. पहिले, छपराचे पाणी पायापासून दूर. दुसरे, घराभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती. पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार हवा. तिसरे, गळके पाइप दुरुस्त. एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. ज्यांचे भागत नाही त्यांनी चौथा उपाय करावा. भिंतीच्या बाहेर पायाच्या खोलीपर्यंत चर खणावा. पण पायाच्या खाली जाऊ नये आणि अभियंत्याला विचारल्याशिवाय खणू नये. चराला शंभर फुटांत एक फूट उतार द्यावा. त्यात गाळणीचे कापड अंथरावे, त्यावर स्वच्छ खडी, खडीत भोके पाडलेला पाइप, भोके खालच्या अंगाला, वर पुन्हा खडी, आणि कापड वरून गुंडाळून घ्यावे. कापड नसेल तर बारीक माती शिरून चार पावसाळ्यांत सगळे बुजून जाते.

ह्या चराला जगभर ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. पुष्कळांना वाटते, तो फ्रान्स देशाचा. तसे नाही. अमेरिकेत हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे एक वकील आणि न्यायाधीश होते. शेतीची आवड असलेले. १८५९ साली त्यांनी शेतातील निचऱ्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यांचे आडनाव त्या चराला चिकटले. वॉशिंग्टनमधला अब्राहम लिंकनचा प्रसिद्ध बसलेला पुतळा घडवणारा शिल्पकार हा त्यांचाच मुलगा. मुलाचा पुतळा पाहायला जग जाते. बापाचा चर जमिनीखाली निमूटपणे काम करीत असतो.

हेच तत्त्व पाहायला अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. आपल्या शिरोळ तालुक्यात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या. पीक येईनासे झाले. तेथे दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, आणि पडीक रानांत पुन्हा पीक उभे राहिले. ह्यातली गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते ती ही, की एकट्या शेतकऱ्याला हे करता येत नव्हते. त्याने आपल्या रानात पाइप टाकला तरी पाणी सोडणार कोठे? शेजाऱ्याच्या बांधात? म्हणून मुख्य पाइप सर्वांचा, ओढ्यापर्यंतची वाट सर्वांची, आणि त्याला जोडलेला पाइप ज्याचा त्याचा. तेव्हा कोठे निचरा झाला.

शहरात आपण नेमके उलटे करतो. ज्यांना बाहेर खणायला जागा नाही ते आतल्या बाजूला फरशीखाली चर काढून एका कोपऱ्यात खड्डा करतात, आणि त्यात पंप बसवतात. ह्या खड्ड्याला मिस्त्री लोक ‘संप’ म्हणतात. आमच्या आयुष्यात संप हा शब्द फार आला. पण हा संप निराळा. आमच्या संपात काम बंद पडते, ह्या संपात काम बंद पडले की घर बुडते! मात्र दोन्ही संपांना एक गोष्ट लागू आहे: पुढचा विचार केल्याशिवाय ते सुरू करू नयेत. पंप पाणी उपसतो हे खरे. ते सोडतो कोठे? पुष्कळ ठिकाणी दाराबाहेर रस्त्यावर. ते पाणी उताराने पुढच्या इमारतीच्या भरावात उतरते. तो दुसरा पंप लावतो आणि तिसऱ्याकडे पाठवतो. एकाच पाण्याला गल्लीतले चार पंप रात्रभर वीज जाळून फिरवत बसतात. काही जण तर ते सरळ ड्रेनेजला जोडतात. मग जमिनीतले चांगले पाणी मैल्यात मिसळून शुद्धीकरण केंद्राकडे धावते, चेंबर भरतात, आणि खालच्या वस्तीतील गरिबाच्या संडासातून उलटतात. ज्याचे तळघर कोरडे झाले त्याला वाटते, आपला प्रश्न सुटला. त्याचा प्रश्न सुटलेला नसतो. तो कमी बळाच्या माणसाकडे ढकललेला असतो. खालच्या भागात राहणाऱ्यांनी आपल्या ड्रेनेजच्या पाइपाला पाणी मागे न येऊ देणारी झडप बसवून घ्यावी, हे आम्ही जरूर सांगू. पण झडप हे संरक्षण झाले, न्याय नव्हे.

आता जी गोष्ट सांगायला आम्ही मुख्यतः येथे उभे राहिलो, ती जिवाची. तळघर बुडाले की त्यात प्रथम कोण उतरतो? मालक नव्हे. पहारेकरी उतरतो, हमाल उतरतो, किंवा नाक्यावरून दिवसाच्या मजुरीवर बोलावलेला कोणी पोरगा उतरतो. म्हणून चार नियम आम्ही सांगतो. ते दारावर लिहून लावावेत.

विजेचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये. आणि खटकाच तळघरात असेल तर वीज मंडळीचा माणूस येईपर्यंत थांबावे. मीटर आणि खटके तळघरात ठेवूच नयेत. पेट्रोल वा डिझेलचे इंजिन तळघरात नेऊ नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस उभ्या जागी कोसळतो. इंजिन रस्त्यावर ठेवावे, नळी आत सोडावी. तिसरा नियम पुराचा. बाहेर जमिनीत पाणी उभे असताना तळघर एकदम कोरडे करू नये. सहा इंचांच्या काँक्रीटच्या जमिनीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३६० किलो. आणि तिच्या बुडापासून एक मीटर उंच पाणी बाहेर असेल तर खालून रेटा हजार किलोंचा. आतले पाणी हा रेटा तोलून धरीत असते. ते घाईने काढले की जमीन फुगून फुटते, भिंत आत येते. म्हणून बाहेरचे पाणी उतरू द्यावे, मग दिवसाला फूट-दोन फूट असे उपसावे, आणि रात्री खूण करून सकाळी पाहावे; पाणी पुन्हा चढले असेल तर थांबावे.

चौथा नियम चेंबरचा. मैल्याच्या टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवू नये. २०१३ सालच्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेणे हा गुन्हा आहे. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण मंडळी, भरपाई वारसांना मिळते. माणसाला मिळत नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये दिल्लीत जुन्या राजिंदर नगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी घुसले आणि तेथील वाचनालयात अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. सनदी परीक्षेची तयारी करणारी ती मुले होती. वाचनालयासाठी त्या तळघराला परवानगीच नव्हती, हे नंतर बाहेर आले. आपल्या गावातही तळघरांत अभ्यासिका आणि शिकवण्या आहेत. पालकांनी फी विचारण्याआधी बाहेर पडायचे दार दुसरे आहे की नाही, हे विचारावे.

मृगाला अजून महिनाभर अवकाश आहे. ह्या महिनाभरात काय करता येईल? कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत तालीम आहे, मंडळ आहे. महापुरात ह्याच पोरांनी होड्या ओढल्या, भाकऱ्या वाटल्या. जे हात पुरात बाहेर येतात ते पुराआधी बाहेर आले तर? गल्लीतले गच्चीचे पाइप कोठे सुटतात, ते एका रविवारी पाहून यावे. जी विहीर शिल्लक असेल तिच्यावरचा कचरा काढावा, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला पाण्याची पातळी फळ्यावर लिहावी. दोन वर्षांत त्या गल्लीला आपली जमीन कळेल, आणि नवे घर बांधणाऱ्याला तळघर किती खोल घ्यावे, घ्यावे की नाही, हे सांगता येईल. कोणाचा पंप कोठे पाणी सोडतो ह्याची उघड चर्चा व्हावी. त्यानंतर सर्वांनी मिळून महापालिकेकडे एकच मागणी करावी: गल्लीला पावसाच्या पाण्याचे वेगळे गटार द्या, आणि ते नाल्यापर्यंत पोचते की नाही हे आमच्यासमोर दाखवा. एकट्याचा अर्ज टेबलावर राहतो. चाळीस घरांचा अर्ज घेऊन चाळीस माणसे उभी राहिली की साहेबांना चष्मा सापडतो, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

पाण्याला जात नाही, पेठ नाही, मालक-भाडेकरू हा भेद नाही; त्याला फक्त उतार कळतो. आपण आपल्यापुरती भिंत उंच केली, तर ते शेजाऱ्याकडे जाणार आणि फिरून आपल्याकडेच येणार. ज्या दिवशी गल्लीतल्या शेवटच्या, सर्वांत खालच्या घराचे तळघर कोरडे राहील, त्या दिवशी आपलेही खऱ्या अर्थाने कोरडे झाले असे समजावे. कामाला सुरुवात त्या शेवटच्या घरापासून करा, एवढीच आमची विनंती.